पाच कुलपं आणि 1947 चे दोन कायदे

मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या नव्या पोराने मला विचारलं, "काका, तुमच्या चार खोल्या आणि एक फ्लॅट भाड्याने आहे म्हणे. नोकरी सांभाळून हे कसं जमवलं? मलाही करायचंय." त्याने मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला होता. तिशीत तीन घरं, चाळिशीत नोकरीला रामराम, असं काहीसं त्यात होतं.

मी म्हणलं, "बाळा, उत्तर द्यायला तीन पिढ्या लागतील. डबा संपेपर्यंत काही होणार नाही." म्हणून हे सविस्तर लिहितोय. नगरमध्ये (कागदोपत्री ऑक्टोबर 2024 पासून अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच) नोकरदार माणसाने एकेक खोली वाढवत नेण्याचा एक इतिहास आहे. तो कुठल्या पुस्तकात सापडत नाही. तो पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या पावत्यांत आणि स्टॅम्प पेपरात सापडतो. आमच्या पेटीत जे आहे ते सांगतो. त्यात माझी एक चूकही आहे, तीही सांगतो.

सुरुवात आजोबांपासून. ते कोर्टात कारकून. नालेगावात वडिलोपार्जित घर, माती-विटांचं, पुढच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या. एकात बांगड्यांचा धंदा करणारं कुटुंब, दुसऱ्यात एक शिक्षक. खोलीला महिना सहा रुपये. पगारात महिना निघायचा नाही, तो या बारा रुपयांनी निघायचा. म्हणजे "नोकरी सांभाळून भाड्याचं उत्पन्न" ही काही मोबाईलवाल्यांनी शोधलेली गोष्ट नाही.

मग आला मुंबई राज्याचा 1947 चा भाडे नियंत्रण कायदा, त्या वर्षीचा 57 वा. अंमल सुरू झाला 13 फेब्रुवारी 1948 ला. त्याच वर्षी 1 जूनला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, ते आपण दरवर्षी कौतुकाने आठवतो. पण नगरच्या गल्ल्यांवर एसटीइतकाच खोल परिणाम या कायद्याने केला, तो कुणी आठवत नाही.

कायदा सांगत होता की 1 सप्टेंबर 1940 ला जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं, आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही. त्या वेळी हे गरजेचंच होतं. महायुद्धात बांधकामं थांबलेली, फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आपल्या गावात आलेली, गावोगावचे लोक शहरात येत होते. कायदा नसता तर मालकांनी लोकांना ओरबाडलं असतं. माझे आजोबा देवमाणूस होते असं आम्ही म्हणतो, पण पोटात भूक असली की देवमाणूसही भाडं वाढवतो.

घोळ पुढे झाला. तात्पुरता म्हणून आणलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं टिकला. डाळ वाढली, तेल वाढलं, सिमेंट वाढलं, भाडं तिथेच. 1985 साली आमच्या नालेगावच्या खोल्यांचं भाडं महिना बारा रुपये होतं, दोन्ही खोल्या मिळून. वडील वसुलीला जायचे, ते लोक प्रेमाने बसवून चहा-पोहे करायचे. वडील म्हणायचे, "आपल्याला भाड्यापेक्षा पाहुणचार महाग पडतोय त्यांना." माणसं चांगली होती, दोन्हीकडची. पण बारा रुपयांत मालक कौलं बदलत नाही, आणि घर आपलं नाही म्हणून भाडेकरूही बदलत नाही. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली. दोन्ही कुटुंबं नशिबाने पुढच्या खोलीत होती. जुन्या नगरात अशा अर्ध्या पडलेल्या घरांकडे पाहिलं की लोक म्हणतात, भाऊबंदकी असेल. कधी असते. कधी 1 सप्टेंबर 1940 ही तारीख असते.

सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की भाडं असं कायमचं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि वर्षाला 4 टक्के वाढ करायची मुभा मिळाली. आजोबा तोवर गेलेले होते. भिंतही.

आता दुसरी पिढी. वडील एसटीत मेकॅनिक. सत्तर-ऐंशीच्या दशकात नगर बदलत होतं. नागापूरला एमआयडीसी, तिथे क्रॉम्प्टन, एल अँड टी. दौंड रस्त्याला कायनेटिक. 72 च्या दुष्काळाने पाथर्डी, शेवगाव, जामखेड, आष्टीकडची माणसं हलवली ती हललीच. कंपनीत लागलेल्या पोराला पहिली गरज खोलीची. कंपनी पगार देत होती, खोली देत नव्हती. सरकारी क्वार्टर मोजक्यांना. ही उरलेली सगळी गरज कुणी भागवली? बिल्डरांनी नाही. एसटीतल्या, झेडपीतल्या, शाळेतल्या, पोस्टातल्या माणसांनी. घरामागे एक खोली, मग तिच्या शेजारी दुसरी, मग वर पत्रा. सावेडी, केडगाव, बोल्हेगाव, नागापूर ही उपनगरं अशी वाढली.

वडिलांनी 1983 ला बोल्हेगावच्या बाजूला दोन गुंठे घेतले. आणि इथे 1947 चा दुसरा कायदा भेटतो, त्याच वर्षीचा 62 वा. तुकडेबंदीचा. शेतीचे बारीक तुकडे पडू नयेत हा त्याचा हेतू, आणि शेतीसाठी तो योग्यच होता. पण शहर शेतात शिरल्यावर नोकरदाराला परवडत होता तो गुंठा-दोन गुंठाच. कायदा म्हणतो तुकडा विकू नका, गरज म्हणते तुकडाच पाहिजे. मग मधला मार्ग निघाला: स्टॅम्प पेपरवर साठेखत, सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं एकत्र, बिनशेती नाही, नकाशा मंजूर नाही. अर्ध्या नगरची घरं अशा कागदावर उभी आहेत हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त बोलत नाही.

असल्या कागदावर मोठी बँक कर्ज देत नाही. म्हणून वडिलांची पहिली खोली पतपेढीच्या कर्जातून, दुसरी आईच्या पाटल्यांतून आणि दिवाळीच्या बोनसमधून, तिसरी भिशी लागली तेव्हा, चौथी निवृत्तीच्या पैशातून. पहिली 1984 ला, चौथी 2003 ला. चार खोल्यांना एकोणीस वर्षं. मधल्या काळात गुंठेवारीचा 2001 चा कायदा आला. वडिलांनी विकास शुल्क भरलं, खेटे घातले आणि आमचा भूखंड नियमित करून घेतला. ज्यांनी तेव्हा टाळलं, त्यांची मुलं आजही खेटे घालतायत. 2021 ला कायद्यात दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात बसू शकतात, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी नक्की चौकशी करावी.

एक सांगायचं राहिलं. खोल्या वडिलांच्या नावावर होत्या, पण चालवल्या आईने. चौघांत एक संडास, एकाआड एक दिवस येणारं पाणी, कुणाचं हंडाभर जास्त गेलं, कुणाच्या पोराने मोरीत काय टाकलं, मीटरच्या बिलाची वाटणी कशी, हे सगळं तिने चाळीस वर्षं पाहिलं. वडील ड्युटीवर. "नोकरी सांभाळून" म्हणतो तेव्हा घरातली बाई बिनपगारी व्यवस्थापक असते, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

पण वडिलांच्या मनात एक भीती होती, आणि या लेखाचा मुद्दा तिथेच आहे.

1973 ला भाडे कायद्यात दुरुस्ती झाली होती. 1 फेब्रुवारी 1973 ला जो कुणी परवान्यावर, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर, राहत होता तो संरक्षित भाडेकरू ठरला. सरकारचा हेतू पळवाट बंद करण्याचा. मालकांनी घेतलेला धडा मात्र वेगळा: कागद केला की खोली गेली. कितीतरी लोकांनी घरं कुलूप लावून ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत. देशभर हेच झालं. 1961 ला शहरातली 54 टक्के कुटुंबं भाड्याने राहत होती, 2011 ला ती 28 टक्क्यांवर आली. आणि त्याच 2011 च्या जनगणनेत शहरांत 1 कोटी 10 लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली. एकीकडे खोली शोधत फिरणारा माणूस, दुसरीकडे कुलूप.

वडिलांनी कुलूप लावलं नाही, त्यांना पैसे हवे होते. त्यांनी दुसरा उपाय केला: कागदच करायचा नाही. नालेगावची भिंत त्यांनी पाहिली होती. "तोंडी सांगायचं, अकरा महिने झाले की बदलायचं, पावती द्यायची नाही." फार आग्रह झाला तर शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी.

हे "अकरा महिने" कुठून आले? 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून वर्षाच्या आत एक महिना कमी. शंभर वर्षांपूर्वीची पळवाट, आपण आजही रीत म्हणून पाळतो. पण महाराष्ट्रात ती पळवाट 2000 सालीच बंद झाली. 1999 च्या कायद्याचं कलम 55 सांगतं की भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे. जबाबदारी मालकाची. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, जोवर मालक उलटं सिद्ध करत नाही तोवर. म्हणजे वडील ज्या भीतीने कागद करत नव्हते, ती भीती कागद न करण्यातच होती. कायदा उलटा झाला होता आणि आम्ही जुन्या कायद्याला घाबरत बसलो होतो.

आता तिसरी पिढी, म्हणजे मी. सरकारी कचेरीत लेखनिक म्हणून लागलो, दिवसभर लोकांचे कागद तपासणं हेच काम. "साहेब, एवढं चालवून घ्या" म्हणणाऱ्याला मी कितीदा परत पाठवलं असेल, मोजदाद नाही.

2014 ला केडगावला वन बीएचके घेतला. किंमत 14 लाख; मुद्रांक, नोंदणी, मीटर वगैरे धरून 15. पाच लाख जीपीएफ आणि साठवणीचे, दहा लाख कर्ज, 10 टक्के व्याज, 15 वर्षं. हप्ता 10,746 रुपये. भाडं आलं 5,500. तरुण मित्रांनो, हा हिशेब नीट बघा. वर्षातून एक महिना खोली रिकामी राहतेच, म्हणून अकरा महिन्यांचे 60,500. त्यातून सोसायटीचे 8,400, घरपट्टी 3,500, रंग-नळ-दुरुस्ती सरासरी 6,000. हातात 42,600. पंधरा लाखांवर तीन टक्केसुद्धा नाही. तेव्हा बँक ठेवीवर 9 टक्क्यांच्या आसपास देत होती.

म्हणजे "भाडं हप्ता भरतं" हे खोटं. हप्ता पगार भरतो, भाडं थोडा हातभार लावतं. आज अकरा वर्षांनी भाडं 8,500 झालंय, तरी हप्ता निघत नाही. मग घेतला कशाला? कारण आमच्या पिढीला ठेवीचीही खात्री वाटत नव्हती. 1910 साली स्थापन झालेल्या आपल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 ला रद्द केला, तेव्हा पाच लाखांच्या विम्यापलीकडे ठेव असलेल्यांची काय अवस्था झाली ते आपण डोळ्यांनी पाहिलं. विटांचं तसं नसतं असं वाटतं. पण विटांचंही असतं. नालेगाव विसरू नका.

आता माझी चूक.

2018 सालची गोष्ट. बोल्हेगावच्या तिसऱ्या खोलीत पाथर्डीकडचं एक कुटुंब राहत होतं. तो एमआयडीसीत एका छोट्या शॉपमध्ये लेथवर, बायको चार घरची धुणीभांडी. सहा वर्षं राहत होते, भाडं कधी थकलं नाही. वडील थकले होते, व्यवहार माझ्याकडे आलेला. दरवर्षी तो विचारायचा, "भाऊ, करार करून देता का रजिस्टर? गॅसला लागतो, बँकेत लागतो." आणि मी म्हणायचो, "करू की, घाई काय आहे." खर्च हजार रुपये नोंदणी, दोनेकशे रुपये मुद्रांक आणि एजंटाची मजुरी. पैशाचा प्रश्न नव्हताच. वडिलांची भीती माझ्यात उतरली होती, शिवाय घरपट्टी. भाडेकरू दाखवला की करयोग्य मूल्य वाढतं, म्हणून कागदावर आम्हीच राहतो असं चाललं होतं.

त्या वर्षी त्याच्या मुलीचा आरटीईच्या 25 टक्के कोट्यात नंबर लागला. घराजवळची चांगली शाळा. सोडतीत नाव आल्याचा मेसेज दाखवायला तो पेढे घेऊन आला होता. आणि मग कागद तपासणी. राहत्या पत्त्याचा पुरावा: भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत करार, तोही अर्जाच्या आधीच्या तारखेचा. आमच्याकडे शंभरच्या स्टॅम्पवरची नोटरी. तपासणाऱ्या माणसाने नियमाप्रमाणे नाही म्हणलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही नाही म्हणलो असतो, रोज म्हणतोच.

मी धावत जाऊन करार नोंदवला. तारीख उलटून गेली होती. जागा पुढच्या यादीतल्या मुलाला गेली.

तो भांडला नाही. वर्ष पूर्ण करून पुढच्या मे महिन्यात त्याने खोली सोडली. नवा मालक करार करून देणार होता. जाताना लाईटबिल भरल्याची पावती आणि किल्ली आईच्या हातात दिली, तिच्या पाया पडला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "येतो भाऊ." आई त्या रात्री जेवली नाही. मला म्हणाली, "तुझ्या आजोबाच्या भाडेकरूंनी आपलं घर पाडलं असं तुम्ही आयुष्यभर म्हणत आलात. आता याने काय म्हणावं?"

त्या महिन्यात पाचही कुलपांचे करार नोंदवले.

पत्ता ही साधी गोष्ट नाही. अमेरिकेत शिकून आलेले बाबासाहेब 1917 साली बडोद्याला नोकरीला गेले, तर राहायला जागा मिळेना. पारशी नावाने पारशांच्या सरायीत राहावं लागलं आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हुसकावून लावलं. आपण म्हणतो, ते दिवस गेले. आमच्याच गल्लीत आजही "खोली आहे का" याच्या आधी "आडनाव काय" विचारतात. आमच्या घरातही विचारायचे, खोटं कशाला सांगू. आई विचारायची, मी ऐकायचो. कायद्याने ते थांबत नाही, आपल्याला लाज वाटली तर थांबतं.

तर ऑफिसातल्या त्या पोराला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना माझं सांगणं थोडक्यात असं. एक, हप्ता पगारातून झेपत असेल तरच घे, भाडं मिळेलच असं धरून घेऊ नकोस. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असू देत. 2020 च्या एप्रिलमध्ये सरकारने तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलायला सांगितलं, तेव्हा ज्यांचा हप्ता भाड्यावर होता त्यांची झोप उडाली. आमच्या आईने तर दोन खोल्यांचं भाडं सोडूनच दिलं. दोन, कागद स्वच्छ बघ: बिनशेती, मंजूर नकाशा, नाहीतर गुंठेवारीचं प्रमाणपत्र. "सगळे असंच घेतात" हे उत्तर नाही. तीन, आपण सरकारी नोकर. 1979 च्या वर्तणूक नियमांप्रमाणे स्थावर मालमत्ता कळवावी लागते, भाड्याचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं लागतं. त्यात 30 टक्के वजावट मिळते, लपवून काय मिळवायचं? चार, किल्ली देण्याच्या आधी करार नोंदव. आता घरबसल्या ऑनलाइन होतो. नोंदवलेल्या करारात मुदत संपली आणि माणूस हलला नाही तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दुप्पट रक्कम मागता येते. तो कागद तुझं रक्षण करतो आणि त्याचंही.

आणि महापालिकेला एक विनंती. जो मालक भाडेकरू उघडपणे दाखवतो त्याची घरपट्टी वाढते आणि लपवणारा मजेत राहतो, असं गणित असेल तर लोक लपवणारच. प्रामाणिक नोंदीला थोडी सवलत द्या, प्रभागात वर्षातून एकदा करार नोंदणीचं शिबिर घ्या. आरटीईचे अर्ज सुटायच्या आधी घ्या. नागापूर-बोल्हेगावात किती कुटुंबांना फरक पडेल, जाऊन विचारा.

त्या मुलीचं वय मोजत असतो मी. यंदा आठवीत असेल.

तुमच्यापैकी ज्यांच्या खोलीत नोटरीच्या कागदावर कुणी राहत असेल, त्यांनी हे वाचून झाल्यावर लाईक नाही केलं तरी चालेल. करार नोंदवा.